घरमालकीण, घट आणि विम्याचा हप्ता

सांगलीच्या विश्रामबाग भागातून एका भगिनीचे सविस्तर पत्र आले आहे. नाव छापू नये ही त्यांची विनंती योग्यच आहे. पत्राचा सारांश असा. त्या तिसऱ्या पिढीतल्या ख्रिस्ती असून त्यांची आजी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात परिचारिका होती. स्वतः त्या एका पतसंस्थेत नोकरी करतात. यजमान कुपवाडच्या एमआयडीसीत कंत्राटावर कामाला होते, त्यांचा करार जुलैत संपला आणि नवा झाला नाही. दीड वर्षापूर्वी घर भाड्याने घेताना आडनावावरून घरमालकिणीला काही कळले नाही आणि यांनीही काही सांगितले नाही. तेव्हापासून काकू वर आल्या की पवित्र शास्त्र (बायबल) कपाटात जाते, रविवारी उपासनेला मिरजेला निघताना ‘माहेरी चाललो’ असे सांगितले जाते आणि नाताळचा तारा माळ्यावर पडून आहे. या नवरात्रात काकूंनी ‘तुमच्याकडे घट बसत नाहीत का?’ असे विचारले तेव्हा ‘गावाकडे सासूबाई बसवतात’ असे उत्तर त्यांच्या तोंडून निघून गेले. सात वर्षांच्या मुलीला संडे स्कूलचे गाणे जिन्यात म्हणू नकोस अशी ताकीद आहे. इकडे सासूबाईंचे म्हणणे असे की मुलाचे काम गेले ते घरातला विश्वास कमी पडला म्हणून, आणि अशा दिवसांत एलआयसीचा हप्ता भरणे म्हणजे देवावर भरवसा नसल्याची कबुली देणे होय. एकतीस डिसेंबरच्या रात्री मंडळीत, नव्या वर्षासाठी शास्त्रातले एक वचन छापलेले, वचनाचे कार्ड उचलले तेव्हा यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या २९ व्या अध्यायातले ११ वे वचन आले होते, तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत. त्या वचनाचे काय झाले, असेही त्या विचारतात. मी पेत्रासारखी प्रभूला नाकारते आहे का, आणि देवावर भरवसा ठेवणे म्हणजे रोजच्या जगण्यात नेमके काय करायचे, हे त्यांचे दोन मुख्य प्रश्न आहेत.

प्रिय भगिनी,

सप्रेम जय ख्रिस्त.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा घटाच्या वाक्यापाशी थांबले. तुमच्या सासूबाईंचा स्वभाव तुम्ही जसा लिहिला आहे तो पाहता, आपण गावाकडे घट बसवतो हे त्यांच्या कानावर गेले तर काय होईल या कल्पनेने मला क्षणभर हसूही आले, ते तुम्ही मनावर घेऊ नये. परंतु तुम्ही लिहिलेल्या सगळ्या गोष्टींत हीच एक वेगळी काढून पाहायला हवी. पवित्र शास्त्र कपाटात ठेवणे, तारा न लावणे, विचारल्याशिवाय न सांगणे हा एक प्रकार झाला. जे नाही ते आहे म्हणून सांगणे हा दुसरा. तुम्ही दोन्हींचे एकच गाठोडे बांधले आहे, आणि त्यामुळे पहिल्याचा अपराधभाव गरजेपेक्षा मोठा झाला आहे, तर दुसऱ्याकडे पाहायचे मात्र राहून गेले आहे.

न सांगणे हे प्रत्येक वेळी नाकारणे नसते. एस्तेर राणीच्या पुस्तकात दुसऱ्या अध्यायाच्या १० व्या वचनात स्पष्ट लिहिले आहे की तिने आपले लोक व आपले कूळ कोणाला कळू दिले नव्हते, कारण तिला वाढवणाऱ्या चुलतभावाने, मर्दखयाने, तिला तसे बजावले होते. आणि त्याच मर्दखयाने, वेळ आल्यावर, आता गप्प राहू नकोस असे तिला कळवले. तिच्या पहिल्या मौनाबद्दल शास्त्र तिला दोष देत नाही. निकदेम रात्रीच्या वेळी येशूकडे आला. अरिमथाईचा योसेफ यहूद्यांच्या भीतीमुळे गुप्तपणे शिष्य होता, असे योहान आपल्या १९ व्या अध्यायात काहीही आडपडदा न ठेवता लिहितो, आणि लगेच पुढे सांगतो की, बाकीचे शिष्य पांगलेले असताना, याच योसेफाने प्रभूचे शरीर पिलाताकडून मागून घेतले, निकदेमाने सुमारे ३३ किलो भरेल इतका गंधरस व अगरू आणला, आणि दोघांनी मिळून त्याला पुरले. भिऊन राहिलेल्या माणसांना देवाने हिशेबातून वगळले नाही. त्यांच्या धैर्याची वेळ यायची होती, आणि ती आली तेव्हा त्यांनी ती टाळली नाही.

पेत्राचे मात्र वेगळे आहे. येशूला धरून नेले त्या रात्री, मी त्याला ओळखत नाही, असे हा त्याचा शिष्य तीनदा म्हणाला. त्याला महायाजकाच्या वाड्यात प्रथम हटकले ते कोणा अधिकाऱ्याने नव्हे, तर एका दासीने. प्रश्न सरळ होता आणि उत्तर खोटे होते. काकूंनी तुम्हाला विचारलेला प्रश्न तेवढाच सरळ होता, आणि माझ्या मते त्यात खोच नव्हती, कुतूहल होते. तुमचे उत्तर खोटे होते, आणि ते दुरुस्त करायला हवे. यापेक्षा अधिक कठोर शब्द मी वापरणार नाही, कारण पेत्राला प्रभूने सरोवराच्या काठी पुन्हा जवळ घेतले तेव्हा झाल्या प्रकाराची उजळणी करून घेतली नाही. त्याच्यासाठी विस्तव पेटवला, मासळी व भाकर तयार ठेवली, आणि तीनदा एवढेच विचारले की तू माझ्यावर प्रीती करतोस काय. तुमच्या अपराधभावाला यापलीकडे काही भोगायचे उरलेले नाही. काकूंशी एकदा नीट बोलायचे मात्र उरले आहे.

त्या बोलण्याकडे मी येते, पण त्याआधी हे लपवणे कशातून आले ते पाहू, कारण सासूबाईंच्या बोलण्याने तुम्हाला जो घोर लागला आहे तोही तिथूनच आलेला आहे असे मला वाटते. तुम्ही लिहिता, “काकूंसमोर मी चांगली भाडेकरू, मंडळीत चांगली विश्वासणारी आणि आईंसमोर चांगली सून ठरण्यातच माझा दिवस जातो.” या वाक्यात देव कुठे आहे हे शोधून पाहा. तो चौथा परीक्षक होऊन बसला आहे. तुमच्या धैर्याचे गुण त्याने कापले असतील, विश्वासाचे त्याहून अधिक कापले असतील आणि म्हणूनच यजमानांचे काम गेले असेल, अशी शंका तुमच्या मनात घर करून आहे, आणि सासूबाई त्या शंकेला फक्त वाचा देतात.

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या तिसऱ्या अध्यायाचा शेवट आणि चौथ्याची सुरुवात सलग वाचा. आपल्याकडे उपासनेत हे दोन भाग बहुधा वेगवेगळ्या रविवारी वाचले जातात, त्यामुळे त्यांचा सांधा नजरेतून निसटतो. यार्देन नदीच्या पाण्यातून येशू वर येतो आणि आकाशवाणी होते की हा माझा प्रिय पुत्र आहे, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. त्या क्षणापर्यंत मत्तयाने त्याचा एकही चमत्कार, एकही प्रवचन सांगितलेले नाही. ज्यावर संतुष्ट व्हावे असे जगाच्या दृष्टीने काही घडलेलेच नाही. एक सुतार बाप्तिस्मा घ्यायला रांगेत उभा राहिला, एवढेच. लगेच पुढच्या अध्यायात सैतान येतो आणि त्याचे पहिले शब्द असे आहेत की तू देवाचा पुत्र असलास तर या धोंड्यांच्या भाकरी होण्याची आज्ञा कर. भूक खरी होती, चाळीस दिवसांची होती. पण घाला भुकेवर नव्हता. पित्याने जे आधीच सांगून टाकले होते ते पुन्हा सिद्ध करून दाखव, असा तो आग्रह होता, आणि येशूने ते सिद्ध करण्याचे साफ नाकारले.

तुमचीही ओळख तशीच आधी दिलेली आहे. बाप्तिस्म्याच्या दिवशी तुम्ही बहुधा तान्ह्या होता आणि रडण्यापलीकडे काही केले नसेल. प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आठव्या अध्यायात म्हणतो की आपल्याला मिळालेला आत्मा दासपणाचा नसून दत्तकपणाचा आहे, त्याच्यायोगे आपण ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारतो. दत्तक घेताना त्या मुलाची परीक्षा घेऊन त्याला घरात ठेवत नाहीत. हे एकदा मनात नीट बसले की काकूंसमोर तुम्ही ख्रिस्ती ठरण्याचा किंवा न ठरण्याचा प्रश्नच राहत नाही. जे आहे ते त्यांना कळवायचे, एवढे साधे काम राहते. आणि भरवसा म्हणजे कामे व्हावीत म्हणून देवाजवळ जमा करायची रक्कम नव्हे, हेही आपोआप कळते.

आता मुलीविषयी. संपूर्ण पत्रात मला खरी काळजी वाटली ती तिच्याविषयी. तुमच्या मौनामागे कारणे आहेत, भाडे आहे, यजमानांचे थांबलेले काम आहे, आणि तुम्ही ती जाणता. सात वर्षांच्या मुलीला यातले काही माहीत नाही. तिला एवढेच कळते की गाण्यात काहीतरी आहे जे जिन्यात म्हणू नये. अशा वयात लपवायच्या गोष्टी आणि लाजायच्या गोष्टी यांत मुले भेद करीत नाहीत. तुम्ही स्वतःसाठी आणखी वर्षभर थांबलात तर मी तुम्हाला घाई करणार नाही, पण तिच्यासाठी थांबू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आगमनकाळ सुरू होण्यापूर्वी, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी पहिला रविवार येण्याच्या आत, काकूंशी बोलून घ्या.

बोलायला जड का जाते याचा विचार करताना मला जाणवले की तुमच्या पत्रात ‘आम्ही वेगळे आहोत हे कळले तर’ असे शब्द तीनदा आले आहेत. वेगळे कशात? तुमची भाषा, तुमची भाकरी, तुमचे आडनाव, तुमच्या पाटल्या-बांगड्या यांत काकूंना दीड वर्षात काही वेगळे दिसले नाही, आणि ते तुम्ही लपवले म्हणून नव्हे, तर ते वेगळे नव्हतेच म्हणून. आमच्या साताऱ्यात रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या आयुष्याच्या अखेरच्या काळात राहिले. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण नाव तेच ठेवले, आडनाव तेच ठेवले. अभंग, भजन आणि कीर्तन ही जी साधने त्यांना घरातून मिळाली होती ती त्यांनी ख्रिस्ताच्या सेवेला लावली, आणि १९१७ साली मिशनचे काम सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा समुदाय सुरू केला. फुलामुलांचे कवी म्हणून शाळेच्या पुस्तकांतून त्यांना सारा महाराष्ट्र ओळखतो. काकूंनीही त्यांची कविता पाठ केली असेल. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना बाप्तिस्म्यापर्यंत यायला आणखी पाच वर्षे लागली, आणि त्या पाच वर्षांत त्यांनी किती यातना सोसल्या हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी हे घडून गेले आहे, आणि मराठीपण व ख्रिस्तीपण यांत निवड करावी लागते असे त्या दोघांनी कधी मानले नाही. तुम्ही तर तिसऱ्या पिढीतल्या आहात. ज्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या आजीने मिशन हॉस्पिटलच्या वॉर्डात रोज पांढऱ्या साडीत उभे राहून दिले, तो प्रश्न तुमच्या वाट्याला नव्याने आलेला नाही.

काकूंचे वडील मिशन हॉस्पिटलात शस्त्रक्रिया होऊन बरे झाले, असे त्या अभिमानाने सांगतात हे तुम्ही लिहिले आहे. त्यात नवल नाही. डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या त्या रुग्णालयाची पायरी न चढलेले जुने घर सांगली-मिरजेच्या परिसरात सहज सापडणार नाही. बोलण्याची सुरुवात म्हणून आजीचा उल्लेख जरूर करा. मात्र त्या उपकाराचे भांडवल करू नका. ‘आमच्या लोकांनी तुमच्या वडिलांना वाचवले’ असा सूर चुकूनही लागला तर बोलणे तिथेच बिघडेल, आणि ते बिघडायलाच हवे.

सकाळच्या पाण्याच्या आणि स्वयंपाकाच्या गडबडीत न जाता दुपारी निवांत जा, यजमानांना बरोबर घ्या, मुलीला नेऊ नका. सांगायचे ते थोडक्यात सांगा : आम्ही ख्रिस्ती आहोत, रविवारी मिरजेला चर्चला जातो, घर घेताना हे सांगायला हवे होते पण घर मिळणार नाही या भीतीने राहून गेले, आणि नवरात्रात मी जे उत्तर दिले ते खरे नव्हते, त्याबद्दल मला माफ करा. यापुढे एक शब्दही वाढवू नका. ख्रिस्ती धर्म काय आहे हे समजावून सांगण्याचा तो दिवस नव्हे. त्यांनी विचारले तर सांगा, आणि पेत्राने आपल्या पहिल्या पत्रातल्या तिसऱ्या अध्यायात म्हटल्याप्रमाणे सौम्यतेने व आदराने सांगा. हे लिहिणारा पेत्र त्याच वाड्यातला पेत्र आहे, हे मला नेहमी लक्षणीय वाटते.

काकू रागावल्या तर? रागावू शकतात. तुम्ही ख्रिस्ती आहात याचा राग नसेल कदाचित, पण दीड वर्ष आपल्याला फसवले असे त्यांना वाटू शकते, आणि तसे वाटले तर ते अगदीच गैर म्हणता येणार नाही. थोडे दिवस जाऊ द्या. घर सोडायला सांगितले जाईल अशी भीती असेल तर भीतीत राहण्यापेक्षा कागद काढून पाहा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या ५५ व्या कलमाप्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर असते. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. तुमचा करार अकरा महिन्यांचा असेल तर तो एकदा संपून गेला आहे. त्याचे नूतनीकरण रीतसर झाले की तोंडी, हे आजच तपासा. करार चालू असेल तर त्या मुदतीत तुम्हाला उद्याच निघा असे म्हणता येत नाही. मुदत संपल्यावर मात्र मालक नवा करार नाकारू शकतो, आणि ती शक्यता गृहीत धरून भाड्याच्या घरांची चौकशी मनात ठेवलेली बरी. आपला धर्म मानण्याचे आणि आचरण्याचे स्वातंत्र्य घटनेच्या २५ व्या कलमाने दिलेले आहे, परंतु काकूंसमोर ते उच्चारण्याची गरज पडेल असे मला वाटत नाही. हे सारे पाहणे अविश्वासाचे आहे असे कोणी म्हटले, तर पौलाला फटके मारण्यासाठी बांधले तेव्हा त्याने शताधिपतीला आपल्या रोमी नागरिकत्वाची आठवण करून दिली होती, एवढे त्यांना सांगा. प्रेषितांच्या कृत्यांचा २२ वा अध्याय पाहावा.

प्रसादाविषयी तुम्ही ओझरते विचारले आहे, त्याचे उत्तरही थोडक्यात देते. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती कुटुंबांत याविषयी एकमत नाही आणि पौलाच्या काळातल्या करिंथ शहरातही नव्हते. दिवाळीच्या फराळाला काहीच हरकत नाही. सत्यनारायणाचा प्रसाद तुमच्या विवेकाला खटकत असेल तर काकूंना सारे सांगून झाल्यावर ‘आम्ही एवढे घेत नाही, बाकी जेवायला मात्र नक्की येऊ’ असे मोकळेपणी म्हणता येईल. आज तुम्ही तो घेऊन पिशवीत लपवता, ते काकूंचाही अनादर करणारे आहे.

आता सासूबाई. त्या प्रार्थनेच्या बाई आहेत, पहाटे चारला उठून तुमच्या सगळ्यांची नावे देवापुढे घेतात, असे तुम्ही लिहिले आहे, आणि मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. पण काम गेले ते विश्वास कमी पडला म्हणून, हे त्यांचे विधान शास्त्राला धरून नाही. इब्री लोकांस पत्राचा ११ वा अध्याय हा विश्वासाचा अध्याय म्हणून आपण मुलांकडून पाठ करून घेतो. त्याच्या ३४ व्या वचनात विश्वासाने काही जण तरवारीच्या धारेपासून निभावले असे आहे, आणि तीनच वचने पुढे, ३७ व्या वचनात, काही जण तरवारीच्या धारेने मेले असे आहे. दोघांची गणना विश्वासणाऱ्यांतच केली आहे. कोणाचा विश्वास अधिक होता आणि कोणाचा कमी, हे ठरवायला लेखक तिथे एक शब्दही खर्च करीत नाही. मार्काच्या नवव्या अध्यायातला तो बाप तर उघडच म्हणाला की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. आणि प्रभूने अविश्वास संपेपर्यंत वाट न पाहता त्याचा मुलगा बरा केला. कुपवाडमधल्या कारखान्याने करार वाढवला नाही याची कारणे कारखान्याच्या ऑर्डरींत आणि कंत्राटी कामाच्या पद्धतीत शोधावीत. ती तुमच्या देवघरात नाहीत.

वचनाच्या कार्डाबद्दल मी जरा स्पष्ट बोलणार आहे. एकतीस डिसेंबरच्या रात्री कार्ड उचलण्याची आपली प्रथा मला प्रिय आहे, पण ती आपल्याला शास्त्राचे तुकडे करून खिशात ठेवायला शिकवते ही तिची उणी बाजू आहे. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, हे ११ वे वचन एका पत्रातले आहे. यिर्मयाने ते यरुशलेमेहून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिले. त्याच्या लगेच आधीचे, १० वे वचन सांगते की हे सारे सत्तर वर्षे भरल्यावर होईल. म्हणजे ज्यांनी ते पत्र प्रथम ऐकले त्यांतले बहुतेक परत जाणार नव्हते, आणि वर्षा-दोन वर्षांत सुटका होईल असे सांगणाऱ्या संदेष्ट्यांचे ऐकू नका असे त्याच पत्रात बजावले आहे. मग सत्तर वर्षे करायचे काय? तेही पाचव्या वचनापासून लिहिले आहे : घरे बांधून त्यांत राहा, मळे लावून त्यांचे फळ खा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या नगरात मी तुम्हाला नेले आहे त्या नगराचे हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचे हित आहे. तुमचे कार्ड खोटे ठरलेले नाही. त्याने डिसेंबरच्या आत नोकरी देण्याचे वचन दिलेच नव्हते. परक्याच्या घरात, अनिश्चित मुदतीत, शेजाऱ्याचे भले पाहत राहायला त्याने सांगितले होते, आणि काकूंना दवाखान्यात नेणे, त्यांच्या बँकेचे कागद भरून देणे हे तुम्ही दीड वर्ष करीत आला आहात, असे तुमच्याच पत्रातून दिसते.

आणि हप्ता. सासूबाई मान्नाचा, म्हणजे अरण्यात देवाने इस्राएल लोकांना रोज पुरवलेल्या अन्नाचा, दाखला देतात, की ज्यांनी ते उद्यासाठी राखून ठेवले त्यांच्या मान्नात किडे पडले. दाखला बरोबर आहे, पण अर्धा आहे. निर्गमाच्या त्याच १६ व्या अध्यायात सहाव्या दिवशी लोकांनी दुप्पट गोळा केले, सकाळपर्यंत ठेवले, आणि त्यात किडे पडले नाहीत, दुर्गंधीही आली नाही. कारण शब्बाथासाठी, म्हणजे विसाव्याच्या सातव्या दिवसासाठी, तसे ठेवायला देवानेच सांगितले होते. म्हणजे राखून ठेवण्याच्या क्रियेत पाप नव्हते. देवाने आज पुरवले तसा तो उद्या पुरवणार नाही, या संशयाने केलेला साठा सडला, आणि त्याच्या सांगण्यावरून केलेला टिकला. याकोबाच्या मुलाने, योसेफाने, मिसरात (इजिप्तमध्ये) सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत भरला, आणि त्यावरच पुढे त्याचे भाऊ व बाप जगले. त्याला कोणी अविश्वासू म्हटल्याचे मला माहीत नाही. उलट लूकच्या १२ व्या अध्यायातला श्रीमंत माणूस कोठारे मोठी करतो तेव्हा त्याला मूर्ख म्हटले आहे, आणि तो दाखला लक्षपूर्वक वाचला तर त्या माणसाच्या तोंडी माझे पीक, माझी कोठारे, माझा जीव एवढेच आहे; बायको नाही, गडी नाही, शेजारी नाही. तुमच्या विम्यावर वारस म्हणून तुमच्या मुलीचे नाव आहे. तो हप्ता दुसऱ्या कोणासाठी तरी भरला जातो आहे, आणि म्हणून मी त्याला त्या श्रीमंताच्या कोठारात घालणार नाही.

मग रोजच्या जगण्यात भरवसा कुठे येतो, असे तुम्ही विचाराल. हप्ता भरून झाल्यावर येतो. अर्ज पाठवल्यानंतर, काकूंशी बोलून वर आल्यानंतर, हातात करण्यासारखे काही उरलेले नसताना रात्री जी झोप लागते किंवा लागत नाही, तिथे त्याचे काम आहे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण आजची भाकर आज मागतो, महिन्याची मागत नाही, आणि तीही आपण ‘आम्हाला’ म्हणून मागतो. तुमच्या घरी ती प्रार्थना एकत्र बसून म्हटली जाते का, हे पत्रातून कळले नाही. यजमान हल्ली उपासनेला येत नाहीत आणि प्रार्थनेला बसत नाहीत, एवढे कळते; त्याचे कारण मला त्यांच्या विश्वासात दिसत नाही. जिथे दर आठवड्याला आपल्या नोकरीसाठी मोठ्याने प्रार्थना होते आणि मागून आपल्याच अपुऱ्या विश्वासाची चर्चा होते, तिथे जाणे कोणत्याही कर्त्या पुरुषाला कठीण जाते. सासूबाईंशी बोलायचे असेल तर हप्त्यावरून वाद घालू नका, यावर बोला. त्यांनी पहाटेची प्रार्थना चालूच ठेवावी, मात्र मुलासमोर तिचा हिशेब मांडू नये, असे त्यांना एकट्याला गाठून, आई म्हणून सांगा. पाळकसाहेबांनाही सुचवा की चार महिने त्यांच्यासाठी नुसती प्रार्थना करण्याऐवजी मंडळीच्या इमारतीच्या वायरिंगचे जे काम पडून आहे ते त्यांना मजुरी देऊन द्यावे. मंडळीत काम देऊ शकणारी माणसे असतात, पण प्रार्थना मागण्याच्या वेळी ती उगीच डोळे मिटून बसतात.

राहता राहिली हप्त्याची तारीख, ती सप्टेंबरअखेर होती असे तुम्ही म्हणता. हप्ता सहामाही किंवा वार्षिक असेल तर एलआयसीकडून साधारण तीस दिवसांची सवलत मिळते, मासिक असेल तर पंधराच दिवसांची. हे उत्तर छापून येईपर्यंत ती मुदत उलटून गेलेली असेल. पॉलिसी बंद पडली असली तरी ती ठरावीक काळात थकलेले हप्ते व्याजासह भरून पुन्हा चालू करता येते. जितका उशीर तितके व्याज वाढते आणि आरोग्याचे कागदही मागितले जाऊ शकतात, तेव्हा जवळच्या शाखेत यजमानांनाच पाठवा, आणि वारसाची नोंद बरोबर आहे ना तेही त्यांनी त्याच खेपेत पाहून यावे.